याकूबचाचांचं पहिलं भाषण

नात तबस्सुमचा निकाह झाला, त्याच साली याकूबचाचा जव्हारच्या नगरपरिषदेला उभे राहिले. आज प्रचाराचा शेवटचा दिवस. गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. वरच्या पाड्यावरून तारपा फुंकणारे आले होते, त्या लांब भोपळ्याच्या वाद्याच्या सुरावर गल्ली डोलत होती. बायका कंबरेत हात गुंफून नाचत होत्या, पोरं कौलांवर चढून बसली होती.

विरोधात होता समोरच्याच घरातला गोरख. तीन आठवडे तो जीपमधून ओरडत फिरत होता, "मुका उमेदवार! तिथं जाऊन काय टाके घालणार?" चाचा शाळेचे गणवेश शिवायचे. चार वाक्यं सलग बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं. त्यांनी गोरखला उत्तर दिलं नाही. शेजाऱ्याला आपल्या जिभेचा त्रास झाला तर नमाज कसली, असं त्यांचे अब्बा म्हणत. पण आज चाचा बोलणार होते. मशीन चालवता चालवता त्यांनी भाषण घोकलं होतं. सगळं वॉर्डातल्या कामांवर, गोरखविरुद्ध अवाक्षर नाही.

"चाचा, आज तरी त्याची सालं काढा," त्यांचा प्रचार सांभाळणारा सोम्या म्हणाला.

"तो काय बटाटा आहे?"

पोरं खिदळली. चाचा स्टेजवर चढले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

तेवढ्यात कुणीतरी सोम्याच्या कानाला लागलं. तो धावत वर आला.

"चाचा, गोरखची आई गेली. अर्धा तास झाला. या आवाजात घरातलं रडणं कुणाला ऐकूच आलं नाही."

चाचांनी समोर पाहिलं. गोरखच्या घराचं दार लोटलेलं होतं.

"पाचला प्रचार बंद होतोय," सोम्या कुजबुजला. "दहा मिनिटं बोला, मग सांगू. आत्ताच सांगितलंत तर सगळे लाकडं आणायला पळतील. मयत उठेपर्यंत आपल्यात वाजवत नाहीत, मग सभा कसली? तुम्ही मुकेच ठराल."

"तिच्या दारात उभा राहून मी मतं मागू? अल्लाला काय तोंड दाखवू?"

चाचांनी हात वर केला. तारपा थांबला. सगळी गल्ली त्यांच्याकडे बघत होती. त्यांनी माइक जवळ ओढला आणि भाषण केलं ते एवढंच.

"समोरच्या काशीबाई, आमच्या गोरखची आई, आज मंगळवारी दुपारी साडेतीनला वारल्या."