लख्ख पातेलं

सुनेच्या हाताला घासायचं वळणच नाही, असं अनसूयाक्का आळीभर सांगत. जर्मनचं पातेलं काळं पडलं तरी वैजयंती ते नुसतं विसळून ठेवी. मग अक्काच चिंच आणि राख घेऊन बसत आणि पातेलं आरशासारखं करूनच उठत. त्यातच वैजयंती रोज अक्कांच्या नवऱ्यासाठी, धोंडिरामांसाठी, कोकमाचं सार शिजवी.

धोंडिरामांची मूत्रपिंडं निकामी झाली होती. अशा प्रत्येक रुग्णाच्या मनगटाला आता दवाखान्यात एक पट्टी चिकटवत. अंगात कुठला धातू कुठे साठतोय, ते ती बोलून दाखवी. धोंडिरामांना ती कालच लावली होती.

आज जेवताना त्यांनी बायकोकडे पाहिलं. "अ... अन..." एवढंच म्हणून ते थांबले. पुढचं नाव येईना.

"ॲल्युमिनियम," पट्टी शांतपणे बोलली. "हाडांत भरपूर. मेंदूत वाढतंय."

"ते काय असतं गं?" अक्कांनी सुनेला विचारलं.

"आपलं जर्मन, अक्का. पातेल्यावरचा काळा थर त्याला अडवून धरतो. तो घासला की आंबट सारात ते जास्त उतरतं. धडधाकट माणूस लघवीतून टाकून देतो. मामांच्या अंगात साठत जातं."

"तुला कधीपासून ठाऊक?"

"दिवाळीपासून. तुम्ही ओरडाल म्हणून..."

धोंडिरामांचे ओठ अजून हलत होते. अक्कांनी त्यांच्यापुढची वाटी ओढून घेतली, तेव्हा निम्मं सार सांडलं.

"घासलं मी, ते माझ्या माथी," त्या सुनेला म्हणाल्या. "पण माझ्या तोंडाला भिऊन तू ह्यांना हे रोज वाढत राहिलीस. मी अडाणी होते, वैजू. तू नव्हतीस."