ब्रेकमधली माणसं

सकाळी भारतनं गेटवरच्या हजेरीच्या मशीनवर अंगठा ठेवला, तर लाल दिवा लागला. पँटला पुसून परत ठेवला, परत लालच. वॉचमन अप्पाराव खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. मालाच्या गेटनं आत जा, अतुल साहेबांनी सांगितलंय, एवढंच म्हणाले. मागं उभ्या असलेल्या इंद्रजीतचीही तीच गत झाली.

दोघांच्या कंत्राटाची मुदत काल संपली होती. नवं कंत्राट येईपर्यंतच्या दिवसांना वाळूजच्या त्या कारखान्यात ‘ब्रेक’ म्हणत. म्हणायला ब्रेक, पण माणसं मागच्या बाजूनं येऊन पत्रा दाबून कापणाऱ्या त्याच प्रेस मशीनवर उभी राहायची. त्या दिवसांचा पगार पुढच्या महिन्यात ओव्हरटाइम म्हणून बसवून मिळायचा, म्हणून कुणी कुरकुर करत नसे. यंदा भारतच्या डोक्यात मात्र किडा वळवळत होता. कामगारांच्या केसेस चालवणाऱ्या रत्नमालाताईंनी त्याला सांगितलं होतं, की मुदत संपल्यावरही काम करून घेतलं, तर नोकरी चालूच आहे असं कोर्टात म्हणता येतं. फक्त तू आत होतास, हे दाखवता आलं पाहिजे.

आत आल्यावर त्यानं पाहिलं, तर हात मधे आला की प्रेस थांबवणारा सेन्सर बंद होता. माल भराभर निघावा म्हणून कुणीतरी तो बंद करून ठेवला होता. त्याच्या आणि इंद्रजीतच्या, दोन्ही मशीनवर तेच.

“साहेब, आमचा अंगठा नाय लागला, हजेरीच नाय,” तो सुपरवायझर अतुलला म्हणाला. “काही कमीजास्त झालं तर दवाखान्याचं कसं?”

अतुल हसला. माणूस तसा वाईट नव्हता, डब्यातली भाजी वाटून खाणारा. “काय व्हायलंय तुला? नव्या कंत्राटात तुझं नाव पयलं घातलंय मी. कशाला अपशकुन करतो?”

भारत आपल्या प्रेसकडं वळला. नाव पहिलं असताना तोंड उघडायचं नसतं, एवढं व्यवहारज्ञान त्यालाही होतं. इंद्रजीतनं तर कधीच काम सुरू केलं होतं.

जेवणाच्या सुट्टीच्या थोडं आधी शेजारची प्रेस खाली आली आणि नेहमीचा आवाज आला नाही. इंद्रजीत ओरडला नाही. आपल्या हाताकडं नुसता बघत राहिला आणि मग हळूच खाली बसला.

भारतनं धावत जाऊन फडक्यानं त्याचं मनगट आवळून धरलं. अतुल पळत आला. त्याच्या तोंडातून पहिलं निघालं ते हेच, “आधी त्याचा शर्ट काढा.”

छातीवर कंपनीचं नाव असलेला तो शर्ट दोघांनी कापून काढला. ॲम्ब्युलन्स बोलवली तर पत्ता सांगावा लागतो, म्हणून मालाच्या गेटशी रिक्षा आणली. घरी पत्रे उतरवताना हात सापडला, असं दवाखान्यात सांगायचं ठरलं.

भारतला राग आवरेना. “मी खरं सांगणार, साहेब. मी शेजारीच हुतो. माझ्या डोळ्यांनी बघितलंय.”

अतुलनं इंद्रजीतला रिक्षात नीट टेकवून बसवलं. मग भारतच्या खांद्यावर हात ठेवला आणि अगदी मायेनं म्हणाला,

“तू तरी आज कामावर कुठं आलतास?”