मासवडीचा रस्सा

"रस्सा आळणीतच करा. पण तुकडा एकही दिसता कामा नये," सिद्धी म्हणाली.

सावळेराम हातातली पळी तशीच धरून तिच्याकडे बघत राहिला. नारायणगावाबाहेर हायवेला लागून त्याची खानावळ. मटण शिजवलेलं पाणी, म्हणजे आळणी, तिथे चुलीवर कायम रटरटत असायची. सिद्धीचे वडील शांतीलाल शेठ कट्टर जैन; त्यांच्या घरचं कुणी त्या चुलीच्या वाऱ्यालाही कधी उभं राहिलं नव्हतं.

"ताई, मासवडी आन् आळणीत? मासवडी म्हंजी बेसन, तीळ, खोबरं. माळकरी खात्यात ती."

"पाहुण्यांना ती चव आवडते. दात दुखतात त्यांचे, मटण चावत नाही."

"आसं व्हय. पर शेठना कळलं तर मला पेठंत उभं करायचे न्हाईत."

"नाही कळणार. पाहुण्यांना मराठी येत नाही. विचारत बसू नका, वाढत राहा."

इटलीत पॅकेजिंगचा कोर्स करून ती परतली त्याला चार वर्षं झाली होती. गावात कुणी युरोपचं विचारलं की ती तिकडच्या गाइडांचे किस्से सांगे. व्हिएन्नातला म्हातारा राजाराणीची गोष्ट सांगताना दर वेळी खरंखुरं रडायचा. प्रागची बाई छत्री उंच धरून इतकी झपझप चालायची, की अर्धी टोळी भलत्याच छत्रीमागे निघून जायची. ऐकणारे पोट धरधरून हसत.

पावलोचा किस्सा मात्र तिने कुणालाच सांगितला नव्हता.

पावलोने तिच्या वर्गाला फ्लॉरेन्स दाखवलं होतं. बोलघेवडा, मिश्किल, सगळ्यांचा लाडका. दुपारी तो त्यांना गावाबाहेरच्या एका खानावळीत घेऊन गेला. कांदा-लसणाचा नेम सिद्धीने तिकडे गेल्यावर नाइलाजाने मोडला होता, पण त्यापुढे ती तसूभर सरकली नव्हती. सूपमध्ये काही नाही ना, असं तिने त्याला दोनदा विचारलं.

"नुसते घेवड्याचे दाणे," तो म्हणाला.

भूक कडकडून लागली होती. वाटी रिकामी झाली तसा पावलो टेबलावर हात आपटून ओरडला, "अभिनंदन! डुकराच्या हाडांचं पाणी होतं ते!"

सगळं टेबल खिदळलं. सिद्धी तिथेच ओकली आणि रडत सुटली. आतून स्वयंपाकीण धावत आली आणि दोन्ही हात हलवत, मान हलवत, इटालियनमध्ये काहीबाही सांगत राहिली. कोर्स इंग्रजीतून होता, त्यामुळे सिद्धीला त्यातलं अक्षर कळलं नाही. बिचारी माफी मागत असावी. पावलोने तिला आत पिटाळलं.

घरी परतल्यावर सिद्धीने आयंबिलं सुरू केली. एक वेळचं कोरडं जेवण, त्यात तेल नाही की तूप नाही. तिची आई, मोहनबाई, पेठेत कौतुकाने सांगे, "आमची पोरगी परदेशात जाऊन उलट जास्तच धार्मिक झाली."

पण साध्वीजी भिक्षेला दारी आल्या, की सिद्धी आतल्या खोलीत जाऊन बसे. बाटलेल्या हातांनी त्यांच्या पात्रात वाढायचं कसं? दाराआडून आईचा गोड आवाज ऐकू येई आणि तिला पावलोचा असा संताप येई, की तोंड कडू होई. पर्युषण संपताना ती साऱ्या जगाची क्षमा मागे, साऱ्या जगाला क्षमा करी. एक माणूस सोडून.

गेल्या महिन्यात त्याच माणसाची मेल आली. पर्यटक घेऊन भारतात येतोय, जुन्नरची लेणी बघायची आहेत, तुला भेटायचंय. आणि खाली एक ओळ होती. मी आता मांस खात नाही, तेवढं सांभाळ.

आमच्या जुन्नर तालुक्यात बिबट्याला पिंजऱ्यात आणायचं तर आत शेळी बांधावी लागते. हा तर आपल्या पायांनी चालत येत होता.

पर्यटकांना हॉटेलवर सोडून तो एकटाच आला. सकाळी तिने स्वतः त्याला लेण्याद्री दाखवली. "आज गाइड मी," असं हसूनही म्हणाली. मग गाडी सावळेरामच्या दारात उभी केली.

"हे काय आहे?" पावलोने विचारलं. त्याचे केस पिकले होते, मिश्किलपणा कुठल्या कुठे गेला होता.

"मासवडी. नावात मासा आहे, आत नाही. नुसतं बेसन."

"आणि हा रस्सा?"

"नुसता मसाला."

बोलताना तिची पापणीही लवली नाही. पावलो भुरके मारू लागला. डोळ्यांतून, नाकातून पाणी वाहू लागलं तरी थांबेना.

"तू नाही जेवत?"

"माझा उपास आहे."

वाटी रिकामी झाली. त्याचाच 'अभिनंदन!' हा शब्द तिने त्याच्यासाठी जपून ठेवला होता. टेबलावर आपटायला तिने हात उचललासुद्धा.

"थांब," पावलो म्हणाला. "आधी मला बोलू दे. त्यासाठीच तर एवढ्या लांब आलोय."

त्याने वाटी बाजूला सारली.

"त्या सूपमध्ये काही नव्हतं. खरंच नुसते दाणे होते. चार लोकांना हसवायला मी खोटं बोललो. ती स्वयंपाकीण तुला तेच ओरडून सांगत होती. तू इतकी रडलीस, की खरं बोलायची माझी छाती झाली नाही. त्या दिवसापासून मी मांसाला शिवलो नाही. तुझा नेम मोडला असं तुला वाटलं, तो निदान मी पाळावा म्हटलं."

सिद्धीचा हात हवेतच राहिला. म्हणजे आज सकाळपर्यंत ती बाटलेली नव्हती.

तेवढ्यात सावळेराम वाफाळतं पातेलं घेऊन टेबलाशी आला.

"लाजू नका, पावणं. लई झ्याक जमलाय आज. वाढू का आजून?"

पावलोला शब्द कळले नाहीत, पण पळी कळली. त्याने हसून वाटी पुढे केली.