परग्रहावरची म्हातारी

"सांगा की मास्तर, काय म्हणायलीय ती?" राजूबाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

भालकीजवळच्या मेहकर गावात, पंचायतीतल्या टीव्हीवर रविवार सकाळची इंग्रजी मालिका चालली होती. गावात इंग्रजी येई ती एकट्या पिराजी मास्तरांना. ते टीव्हीशेजारी, लोकांकडं तोंड करून बसत आणि गोष्ट सांगत. खरं तर टीव्हीपेक्षा मास्तरांना ऐकायलाच गाव जमायचं. आज आकाशयानातले संशोधक एका परक्या ग्रहावर उतरले होते. तिथल्या टोळीतल्या म्हातारीच्या अंगात पूर्वजांचे आत्मे यायचे आणि ती म्हणेल तसं सगळे वागायचे.

"म्हंजे आपल्या सोजराबाईवानीच!" मागून उद्धवराव म्हणाले.

पुढं बसलेल्या सोजराबाई हसल्या नाहीत. आज हसण्याचा दिवसच नव्हता. राजूबाईंची सून गौरम्मा आठव्या महिन्यात होती. पाय सुजलेले, डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढं अंधारी येत होती. आजच्या आज भालकीच्या दवाखान्यात न्या, नाहीतर दोन्ही जीव जातील, असं नर्सबाईंनी बजावलं होतं. पण मंगळवारी सोजराबाईंच्या अंगात आलेल्या देवीनं सांगितलं होतं की बाळंत होईस्तोवर गावची शीव ओलांडायची नाही. राजूबाईंना तेवढं पुरे होतं.

गौरम्माचा नवरा किशन पंचायतीच्या दारात उभा राहून सारखा बाहेर बघत होता. आईपुढं तो जन्मात बोलला नव्हता. भालकीला जाणारी चनमल्लप्पाची जीप अकरापर्यंतच थांबणार होती.

राजूबाई खरं तर सकाळपासून घरी सुनेजवळच होत्या. पडद्यावरची म्हातारी घुमायला लागली, तेव्हा मास्तरांनीच त्यांना बोलावणं धाडलं होतं.

पडद्यावर एक पोर निपचित पडली होती. संशोधकांनी आपल्या यानाकडं बोट दाखवलं. म्हातारी दोनच शब्द बोलली.

मास्तर बराच वेळ बोलले. "ती म्हणते, आत्मे म्हणाले, आमच्या हातात होतं ते आम्ही केलं. आता ही दोन जिवांची पोर पाहुण्यांच्या हवाली करा. शीव आम्ही मोकळी केली. अडवील त्याच्यावर आमचा कोप होईल."

"दोन शब्दांत एवढं?" उद्धवरावांनी विचारलं.

"इंग्रजी आटोपशीर भाषा आहे," मास्तर म्हणाले आणि त्यांनी कपाळाचा घाम पुसला.

राजूबाईंची चुळबुळ सुरू झाली. त्या सोजराबाईंकडं वळल्या. "अक्का, आपली देवी काय म्हणती?"

बाहेर जीपचा हॉर्न वाजला. सोजराबाईंनी मास्तरांकडं रोखून पाहिलं. छप्पन सालीच मास्तरांच्या वडिलांनी घरातले देव नदीत सोडले होते. बौद्धाच्या घरातला माणूस आमच्या देवाच्या कामात तोंड घालतोय, एवढं ही बाई बोलली असती तरी सगळं संपलं असतं.

सोजराबाईंनी डोळे मिटले. मान घुमू लागली.

"ने तिला! शिवंपातूर मी म्होरं चालते!"

किशन पळत सुटला. दहा मिनिटांत जीप धूळ उडवत गेली. राजूबाई सुनेचं डोकं मांडीवर घेऊन मागं बसल्या होत्या.

पंचायत रिकामी झाली. मास्तरांनी टीव्ही बंद केला. सोजराबाई अजून तिथंच होत्या.

"मास्तर, तुमाला इंग्रजी कळतंय का?"

मास्तर दाराला लावायचं कुलूप उचलून निघू लागले.

"तुमी टीव्हीकडं बघितलंच न्हाई. राजूबाईच्या तोंडाकडं बघून बोलायलते."

"माफ करा, सोजराबाई. पण ती पोर..."

"माफी कशाची?" सोजराबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "तीस वर्सं झाली, देवी काय म्हणती ते मी बी तसंच सांगते."