लाल टोपी

"ही लाल टोपी घाला बाबा, गर्दीत पटकन दिसाल."

"पोरांच्या कवायती घेण्यात जन्म गेला माझा. मी कसला हरवतोय!" म्हणत बाबांनी ती घातली.

स्वस्तातल्या परदेश सहलीत आम्ही सिमकार्डही एकच घेतलं होतं, तेही माझ्या फोनमध्ये. या देशाच्या राष्ट्रीय दिनी सगळेच लाल टोपी घालतात, हे मात्र भर चौकात बाबांचा हात सुटल्यावर लक्षात आलं. हाका मारून माझा घसा बसला.

तेवढ्यात त्यांचं राष्ट्रगीत सुरू झालं आणि अख्खा चौक थबकला. आता हलेल ती टोपी बाबांचीच, असा मी हिशोब केला. पण एकही टोपी हलली नाही.

गीत संपलं आणि मागून खणखणीत आवाज आला, "विश्राम!"