सिद्रामप्पांची ज्वारी

तिसऱ्या फोटोला हार घालताना बन्सीधर सोळंकेंनी तोंड फिरवलं. लोकांना वाटलं, मित्राच्या आठवणीनं.

कृषी विद्यापीठातले जुने लोक वर्षातून एकदा परभणीत जमत आणि त्या वर्षात गेलेल्या सहकाऱ्यांची आठवण काढत. त्र्याण्णव साली तिघे गेले होते. पहिल्या दोघांवर बन्सीधर सर छान बोलले. असल्या भाषणांत त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. गेलेला माणूस कितीही खडूस असो, सर त्याच्यातलं काहीतरी चांगलं शोधून काढतच.

तिसरा फोटो सिद्रामप्पांचा होता. कपाळावर भस्माचे पट्टे, ओठांवर तेच गरीब हसू. त्या हसण्यानं चौदा वर्षं सरांच्या पोटात दुखत होतं.

कारण ज्वारी. सिद्रामप्पांनी निवडलेला वाण पाथरीपासून पालमपर्यंत शेतोशेती पोचला होता. पोखर्णीच्या जत्रेत शेतकरी सिद्रामप्पांच्या पाया पडत आणि शेजारी उभ्या सरांना विचारत, "तुमी यांच्याच हाताखाली का?" घरी तर कहरच. बायको, कमलबाई, भाकरी थापता थापता म्हणायची, "सिद्रामप्पाभाऊंच्या ज्वारीची भाकर लय मऊ होते बघा." तो घास काही सरांच्या घशाखाली उतरत नसे.

मग ते मनातल्या मनात एकच वाक्य घोळवत. ज्वारी माझी आहे. त्या वाक्याच्या आधारावर त्यांनी चौदा वर्षं काढली होती.

अध्यक्षांनी भिंतीला टेकवलेली नवी पाटी सगळ्यांना दाखवली. रंगाचा वास अजून गेला नव्हता. "ज्वारीच्या प्रयोगाच्या शेताला सिद्रामप्पांचं नाव द्यायचं ठरलंय," ते म्हणाले.

पहिल्या रांगेत सिद्रामप्पांच्या पत्नी नीलम्मांनी डोळ्यांना पदर लावला. मागच्या रांगेत तानुबाईनंही. जन्मभर ती या दोघा सरांच्या शेतावर राबली होती. ओळीच्या तोंडाशी खुंटी, खुंटीवर ज्याची ओळ त्याचं नाव, आणि कापणी झाली की कणसं त्याच नावाच्या पोत्यात, असं तिथलं काम. तिला अक्षर वाचता येत नव्हतं. ती आपल्या काहीतरी खुणा करून ठेवी, आणि तिच्या हातून पोतं कधी चुकलं नाही.

सर बोलायला उठले. लिहिलेलं भाषण खिशात तयार होतं. पण नजर पुन्हा पाटीवर गेली आणि त्यांचा तिळपापड झाला. मेल्यावरही हा माणूस माझंच घेऊन चाललाय.

"ही ज्वारी सिद्रामप्पाची नाही," ते म्हणाले. "माझी आहे."

सर पुढं बोलत राहिले.

"त्याची एक ओळ होती, शेजारी माझी एक. जी जास्त भरेल तीच पुढं न्यायची, असं ठरलेलं. कापणीच्या दोन दिवस आधी मला त्याची ओळ सरस दिसली. बघवलं नाही. दुपारी बाया जेवायला बसल्या होत्या. मी दोन्ही खुंट्या उपटल्या आणि त्यांची अदलाबदल केली."

त्यांनी घोटभर पाणी घेतलं.

"दुसऱ्या दिवशी पहाटेच पालमला गेलो. सासरे वारले होते. तेव्हा नामांतरावरून बंद चाललेले, एसट्या थांबल्या. बारा दिवसांनी आलो, तर वजनं होऊन गेलेली. त्याच्या नावाचं पोतं जड निघालं. म्हणजे मुळात माझीच ओळ सरस होती. मीच माझ्या हातानं ती त्याच्या नावावर केली. मला चोर म्हणा, काहीही म्हणा. पण त्या पाटीवर नाव माझं पाहिजे."

ते खाली बसले. तीस वर्षांची अब्रू त्यांनी पाच मिनिटांत घालवली होती. तरी छाती हलकी वाटत होती.

नीलम्मा मान वर न करता म्हणाल्या, "भाऊजी, हे त्यांना सांगितलं असतं, तर त्यांनीच तुमचं नाव लावलं असतं."

अध्यक्षांनी पाटी उचलली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवली. सरांना ते बघून बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फारच बरं वाटलं.

तेवढ्यात मागं तानुबाई उभी राहिली.

"सर, त्या खुंट्या तुमी हलवल्या व्हत्या व्हय? मला वाटलं, जनावर शिरलं आन् कुणीतरी उलट्यासुलट्या रवल्या. सिद्रामप्पा सरांच्या खुंटीला मी इळ्यानं खाच पाडलेली असायची, ती तुमच्या वळीत दिसली. पेरणी माझ्याच हातची. तुमी पालमला गेलात त्याच सकाळी मी त्या उपटून जागच्या जागी लावल्या."