आईची मोकळी हवा

आमच्या इमारतीमागच्या रिकाम्या जागेवर पालिका सफाई कामगारांसाठी घरं बांधणार होती. विरोध करायला इमारतीतले सगळे तिथेच जमले. याच जागेवर बोट धरून मी मुलाला चालायला शिकवलं होतं. त्याने माझी खुर्ची पुढे ओढली.

"साहेब, ही माझी आई. रोज संध्याकाळी इथेच बसते. म्हातारीची मोकळी हवा हिरावून घेणार तुम्ही?"

टाळ्या पडल्या. सूनबाईने डोळेसुद्धा पुसले.

पालिकेचे साहेब वाकून म्हणाले, "खरं का, आजी?"

"बांधा हो घरं," मी म्हटलं. "गुडघे गेल्यापासून आज पहिल्यांदा ह्याने मला खाली आणलंय. समोर कोणी राहायला आलं, तर खिडकीतून दोन शब्द बोलता तरी येतील."